पाण्याच्या हंड्याला कल्हई

गौरी-गणपती बुडले का आमच्याकडचं पाणी निवळतं. पाऊस असतो, पण त्याच्यातली मस्ती गेलेली असते. येतो, बांधावर दोन घटका टेकल्यासारखं करतो नि माळशेजाच्या अंगाला निघून जातो. अख्खा पावसाळा चहासारखं तांबडं असलेलं खाचरातलं पाणी एका सकाळी बघावं तर काच. तळाची माती दिसते, खेकड्यांची बिळं दिसतात, आवणीला, भात लावताना, रुतलेल्या माझ्याच पायांची भोकं दिसतात. भात पोटरीला आलेलं असतं. नि बांधाच्या कोपऱ्यात, जिथं पाणी हलत नाय, तिथं ते शेवाळ उभं असतं.

आज सकाळी दिसलं. कंबर धरून वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. मागनं सून वरडली, "मामंजी, काय हरवलं?"

म्हणालो, "अक्कल. जुनी हाय, हितंच कुठंतरी पडली होती."

सून हसली नि गेली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची नेहमीची थट्टा. पण मी खरंच बोललो होतो. माझं हेच होतं. खरं बोललो तरी लोक हसतात, एवढी मी त्यांना सवय लावून ठेवलीय.

मी शाळेत गेलो तो एकदाच, कौलं चाळायला. त्यामुळं हे जे लिहिलंय ते माझ्या नातीनं. मी बोलतो, ती लिहिते. ती मधीच म्हणते, "आजोबा, असं नसतं बोलत." मी म्हणतो, गो, मी असाच बोलून सगळं बिघडवलं, आता सुधारून काय उपेग.

तर शेवाळ. बुळबुळीत, दगडावरनं माणूस आपटवणारं शेवाळ न्हवं हे. हे कांड्याकांड्याचं. सुईसारखं बारीक, बोटाएवढं लांब हिरवं कांडं, मंग पेर, पेराभोवती काड्यांचं गोल चक्कर, मंग परत कांडं. चुरगळलं तर लसणीसारखा वास. आमी ते उपटून बांधावर फेकायचो. भाताच्या मुळात शिरतं म्हणून शिव्या द्यायचो. त्याच्यात बघण्यासारखं काय असंल असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला वाटलं न्हवतं. नि माझ्या वाट्याला आठवणी आल्या त्या ह्याच गवताच्या.

साल मला सांगता येत नाय. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले त्याच्या आगंमागं. घाटातला रस्ता तवा नुसता धुरळ्याचा, नि मुरबाडची एस्टी आमच्या वैशाखऱ्याला आली का लोक काम टाकून कोण उतरलं ते बघायचे. त्या एस्टीतनं एक बाई उतरल्या. सुती पातळ, डोळ्याला चष्मा, नि टपावर लाकडाच्या पेट्या. हमाल म्हणून मी पुढं झालो. एका पेटीवर कायतरी लिहिलेलं होतं नि बाण काढलेला होता. लिहिलेलं मला येत न्हवतं, पण बाण कळला. बाण वर होता, म्हणून मी आभाळाकडं बघितलं, पेटी उलटी धरली नि चालू पडलो. आतनं खळ्ळ असा आवाज आला. बाई म्हणाल्या, "असू द्या. दुसऱ्या नळ्या आहेत." त्या बाईंनी माझ्यावर चिडायला पाहिजे होतं तितक्या वेळा त्या चिडल्या असत्या, तर मुंबईहून ज्या कामाला आल्या ते राहून गेलं असतं.

रस्त्याकडच्या सरकारी बंगल्याच्या मागच्या खोलीत त्या राहिल्या. गावाला आधी वाटलं देवी टोचायला आल्या. पोरं कुडाच्या मागं लपली. मंग त्यांनी मला इचारलं, "धोंडीबा, तुमच्या शेतात शेवाळ आहे का हो? असं कांड्यांचं?" नि कागदावर चित्र काढून दाखवलं.

मी म्हणालो, "बाई, गवत हाय, उंदीर हायेत, शेवाळ तर लय हाय. भात तेवढं इचारू नका."

त्या हसल्या, नि मला काम लागलं. दोन दिवसाआड टोपलीभर शेवाळ आणायचं. जिवंत. "जिवंत" हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मला गंमत वाटली. गवताला कुणी जिवंत आण म्हणतं का? गवत आपलं असतं.

त्या वक्ताला गोदा घरात न्हवती. गोदा माझी बायको, धसईची. श्रावणात ती माहेरी गेली ती पोळ्याला आली नाय, गौरीलाबी आली नाय. गौरीला घरची लक्ष्मी घरात नसली मंजे गावानं काय समजायचं ते समजलेलं असतं. येणार का कायमची गेली, त्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात दुसरं काय न्हवतं, नि तोंडात मात्र नुसत्या थट्टा. कुणी इचारलं, "बायकू कुठं रे?" तर मी म्हणायचो, "वाळत घातलीय."

ती का गेली ते सांगायला मला आजबी जड जातं. म्हणून आधी तिचा हंडा सांगतो.

तांब्याचा हंडा. लग्नात तिच्या बापानं आंदण दिलेला. आमच्या घरात बाकी सगळं मातीचं नि अल्मिनचं. हा एकच राजा. गोदा त्याला रोज राखेनं नि चिंचेनं घासायची. चुलीजवळ मांडला का त्याच्यात जाळ दिसायचा. नि आमची लेक, चिमी, दीड वरसाची, पळी घेऊन त्याच्यापुढं बसायची नि बडवायची. ठण्ण. मंग थांबायची, आवाज संपेपर्यंत कान द्यायची, नि परत ठण्ण. गोदा वरडायची, "पोचे पडतील गो बाय!" तर चिमी तिच्याकडं बघून हसायची नि अजून जोरात. एक पोचा पडलाय. अजून हाय.

श्रावणात चिमीला ताप भरला. तीन दिवस. नदीला पाणी, एस्टी बंद, मुरबाडला न्यायला वाट नाय. तिसऱ्या दिवशी दुपारी अंग निवत गेलं. आमी म्हणालो, ताप उतरला.

माणसं भेटायला आली. ओटीवर बसली, खाली मान घालून. कुणी बोलंना. मला ते गप्प बसणं सोसंना. आयुष्यभर माझं असंच, चार माणसं गप्प बसली का माझ्या अंगाला खाज सुटते. मी म्हणालो, "यम आला होता तो माझ्यासाठीच. मला नीट उलटा-सुलटा करून बघितलं नि म्हणाला, ह्यो माल नको. मंग बारकं काय हाय ते उचललं नि गेला."

नि लोक हसले. त्यांची काय चूक? त्यांनापण तो गपचिपपणा जड झाला होता. पण कुडाच्या पलीकडं गोदा होती. तिनं ऐकलं.

दुसऱ्या सकाळी ती निघाली. बोचकं काखंत. मला म्हणाली, "तुमाला दगूड म्हणू, तर दगूडबी उन्हात तापतो. तुमच्या आत काय हायच नाय का हो? एक शबूद. पोरीसाठी एक सरळ शबूद तुमच्या तोंडातनं निघाला न्हाय. ज्या दिवशी निघंल त्या दिवशी धसईला या. थट्टा घेऊन येऊ नका."

हंडा मात्र ठेवून गेली. तेवढ्यावर मी जगत होतो. आमच्याकडं आंदणाचं भांडं नवऱ्याच्या डोक्यावरनं सासऱ्याच्या दारात परत आलं का मंजे काडीमोड झाला. पंचांना बोलवायला नको, शबूद बोलायला नको. भांडं घरात हाय तोवर बायको घरातली हाय. म्हणून मी रोज सकाळी उठून आधी हंडा हाय का ते बघायचो. जसा काय तो रात्रीतनं चालत जाणार होता.

बाईंच्या खोलीत टेबलाचे चारी पाय वाळूच्या डब्यांत उभे केलेले. रस्त्यानं बैलगाडी गेली तरी काम बिघडायचं. मी खोकलो तरी बिघडायचं. मला शिंक आली तर मी धावत जाऊन आंब्याखाली शिंकायचो नि परत यायचो, तवर बाई हात तसाच धरून थांबलेल्या. टेबलावर खाली बघायची दुर्बीण. मला तवर दुर्बीण मंजे लांबचं बघायची एवढंच ठावं. हिच्यातनं जवळचंच बघायचं, पण इतकं जवळचं का ते लांब वाटायला लागतं.

बाईंनी एक कांडं कापून खाली ठेवलं. म्हणाल्या, "बघा. हे अख्खं कांडं म्हणजे एक पेशी."

"पेशी मंजे?"

"म्हणजे… एक घर. तुम्ही-मी अशा कोट्यवधी बारक्या घरांचे. पण ती इतकी लहान की हाताळता येत नाहीत. हे शेवाळ म्हणजे एकच घर, बोटाएवढं. म्हणून आम्हाला सोनं."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मी म्हणालो, "बाई, काळं गवत हाय." बाई म्हणाल्या, "डोळा जरा मागे." मंग दिसलं. हिरव्या दाण्यांच्या ओळी, विणल्यासारख्या, नि त्यांच्या आतनं पाणी चाललेलं. एका कडेनं वर, दुसऱ्या कडेनं खाली. थांबत नाय. माळशेजाच्या रस्त्यानं एका अंगानं जाणारी माणसं, एका अंगानं येणारी. कुठं जातात? कुठं नाय. जात राहातात. ज्याला मी इतकी वरसं उपटून फेकलं होतं त्याच्या पोटात अशी वर्दळ होती. मी खिडकीतनं बांधाकडं बघितलं नि मला पहिल्यांदा आपल्या हातांची लाज वाटली.

त्या घराला एक साल असते. भिंत येगळी, तिच्या आत साल. ती इतकी पातळ का दुर्बिणीतबी दिसत नाय. बाई तीच बघायला आल्या होत्या. मी म्हणालो, "दिसत नाय तर बघणार कशी?" त्या म्हणाल्या, "विजेनं." काचेची एक नळी तापवून ओढून त्यांनी तिचं टोक केसाहून बारीक केलेलं. तिच्यात खारं पाणी, त्यात चांदीची तार. ते टोक कांड्यात खुपसायचं, दुसरी तार बाहेरच्या पाण्यात. दोन्ही तारा एका डब्याला, नि डब्यावर घड्याळासारखा काटा. टोक आत गेलं रे गेलं का काटा सर्रकन एका बाजूला जायचा.

"आत नि बाहेर फरक आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर तुमच्या खाचरातलं गोडं पाणी. आत खारट. ती साल कोणतं मीठ आत घ्यायचं नि कोणतं बाहेर ठेवायचं हे सारखं निवडते. त्या फरकाचीच वीज."

आत खारट? मला पटंना. बाईंची पाठ वळली तवा मी चार कांडी तोंडात टाकली नि चावली. खारट होतं का नाय ते देवाला ठावं. लसूण, चिखल नि गोगलगाय एवढं कळलं. बाईंनी वळून बघितलं तर माझ्या ओठावर हिरवी शेपटी. त्यांनी टोपलीतली कांडी मोजली, नि म्हणाल्या, "भूक लागली असेल तर बिस्किटं आहेत, धोंडीबा."

साल किती जाड ते त्या वीज सोडून सांगायच्या. मला ते एका गोष्टीनं कळलं. आवणीला पाऊस पडतो तवा इरल्याखाली वाकलेल्या बाईच्या पाठीला किती पाणी लागलं त्यावरनं आमी सांगतो, इरल्याला किती थर पानं लावली होती. इरलं उचलून बघायला लागत नाय. तसं. जे आत शिरतं नि जे अडतं, त्यावरनं साल कळते. मी हे बाईंना सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहिलं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं कुणी लिहून घेतलं ते पहिल्यांदा. दुसऱ्यांदा आज, नि आज लिहिणारीला मी घरातल्या बिस्किटांची लाच देतोय.

मंग त्या धक्का द्यायच्या. बॅटरीचा, बारका. (ती बॅटरी भरून आणायला मी मुरबाडला न्यायचो. एकदा डोक्यावरनं नेली. आतलं पाणी गळत होतं ते मला पाऊस वाटला. मुरबाडला उतरलो तवा सदऱ्याच्या पाठीला जाळी झालेली नि अख्खा स्टँड मागनं मला बघतोय.) तर धक्का. पहिला दिला, आतली वर्दळ चालूच. जरा वाढवला, चालूच. अजून वाढवला, चालूच. मला वाटलं, आपल्यासारखंच हाय, ह्याला काय लागत नाय. नि एका मापाला गेल्यावर सगळं एकदम थांबलं. वरचं वर, खालचं खाली. बाजाराच्या दिवशी कुणीतरी वरडावं नि सगळे जागच्या जागी उभे राहावेत, तसं.

"मेलं?" मी इचारलं.

"नाही. थांबलंय. आता परत धक्का दिला तरी त्याला कळायचं नाही. त्याला वेळ द्यायचा."

आमी बसलो. बाई मनगटावरच्या घड्याळाकडं बघत, मी दुर्बिणीत. कितीतरी वेळ काय नाय. मंग एक दाणा हलला. एकच. मंग त्याच्या बाजूचा. हळूहळू, लाजत, रस्ता परत चालू झाला.

"दहा मिनिटं," बाई म्हणाल्या नि लिहिलं.

घरी जाताना मी त्या दहा मिनिटांचाच इचार करत होतो. मला कुणी असा वेळ देऊन बघितलं न्हवतं. खरं तर मीच दिला न्हवता. मी थांबायचो कुठं? थांबायच्या आधी माझ्या तोंडातनं थट्टा निघायची.

मंग मी ती चूक केली.

बाईंचं काम रंगात आलेलं. खाचरातलं पाणी आटायच्या आत त्यांना सगळं उरकायचं होतं. एक दिवस म्हणाल्या, उद्या चांगलं निवडून आणा, ताजं, रात्रभर घरात पाण्यात ठेवलेलं असलं तरी चालेल. मी टोपलीभर शेवाळ काढलं नि घरी इचार केला, बाई आपल्याशी इतक्या चांगल्या वागतात, नि आपण त्यांची वस्तू मडक्यात ठेवायची? पाव्हण्याला पाणी द्यायचं तर तांब्याच्या भांड्यातलं. तांब्यातलं पाणी चोख असतं हे गोदाच म्हणायची. मी तिचा हंडा घासला. राख, चिंच, सगळं तिच्यासारखं. लखलखीत केला. निवळ पाणी भरलं नि शेवाळ त्याच्यात सोडलं. त्या सोन्यासारख्या पाण्यात ते इतकं देखणं दिसलं का मी घटकाभर त्याच्यापुढं बसून राहिलो. वाटलं, गोदा असती तर म्हणाली असती, कदी नाय ते अक्कल चालवली.

सकाळी बाईंनी टोक खुपसलं. काटा हलला नाय. दुसरं कांडं घेतलं, काटा जागच्या जागी. पाच-सहा कांडी बघितली. दुर्बिणीत बघितलं तर रस्ता ओसाड. दाणे एका कडेला गोळा झालेले. सगळं मेलेलं. आणि वरनं तर हिरवंगार.

"कशात ठेवलं होतं?"

मी छाती फुगवून सांगितलं, "तांब्याच्या हंड्यात! मडक्यात कशाला ठेवीन?"

बाईंनी चष्मा काढला. चिडल्या नाय. म्हणाल्या, "ते पाणी आणा."

मी लोटाभर पाणी आणलं. बाईंनी आदल्या खेपेचं, डब्यात राहिलेलं एक जिवंत कांडं घेतलं, टोक खुपसलं, काटा बाजूला गेला. मला दुर्बिणीपाशी बसवलं. रस्ता चालू होता. मंग त्यांनी बाहेरचं पाणी काढून हळूहळू माझ्या लोट्यातलं घातलं.

"तांबं त्या सालीला सैल करतं," त्या हळू आवाजात बोलत होत्या. "आतलं मीठ बाहेर यायला लागतं. साल फरक धरून ठेवू शकत नाही."

मी एक डोळा दुर्बिणीला लावायचो, मंग काट्याकडं बघायचो. काटा एकदम नाय पडला. निवत गेला. रस्त्यावरची माणसं हळू चालायला लागली. मंग कुणी थांबायला लागलं. मी वाट बघत होतो का दहा मिनिटांनी एक दाणा हलंल. दहा झाली. बाई घड्याळ बघत न्हवत्या. काटा मधोमध आला नि तिथंच राहिला.

"आता आत-बाहेर सारखं झालं," बाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडं बघत होत्या. मला ठावं होतं कशाला. आता धोंडीबा कायतरी बोलंल. मीपण वाट बघत होतो. तोंड उघडलं. काय आलंच नाय. निवत गेलेलं अंग नि आमी म्हणालो होतो, ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी धसईचा बाजार होता. बाजारात कल्हईवाला बसायचा, दोन वाटांच्या मधी, भाता घेऊन. मी ठरवलं, हंड्याला आतनं कल्हई करून आणायची. मंजे तांबं पाण्याला लागणार नाय, शेवाळ मरणार नाय, नि पाव्हणचारबी राहील. डोक्यात दुसरं काय न्हवतं, शपथ घेऊन सांगतो. कल्हई शिजवायच्या भांड्याला, पाण्याच्या हंड्याला ती कुणी करत नाय हे मला कळायला पाहिजे होतं. नि धसई मंजे माझी सासुरवाडी, हे तर नक्कीच कळायला पाहिजे होतं. पण मी हंडा डोक्यावर घेतला नि चालू पडलो.

धसईच्या शिवेवर दोन बायका भाजीच्या पाट्या घेऊन चाललेल्या. त्यांनी मला बघितलं, हंड्याला बघितलं, नि वाट सोडून पुढं पळत सुटल्या. मला वाटलं, मागं बैल हाय. मी वळून बघितलं. बैल न्हवता.

मेव्हण्याचं घर बाजाराच्या वाटंवरच. मी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. सासरा ओटीवरनं खाली उतरला, हातात काठी. मेव्हणा वाटंत आडवा.

"आणलास? तोंड वर करून आणलास?" सासरा काठी आपटत म्हणाला. "पोरगी मेली त्याचं दुःख नाय, नि भांडं परत करायला सवड हाय!"

"मामा, मी—"

मेव्हणा म्हणाला, "दाजी, भर दिवसा? बाजाराच्या दिवशी? रातचं येऊन ठेवून गेला असता तर आमची लाज तरी राहिली असती."

बाजारातली माणसं गोळा झाली. नि मला बघून काय जणांच्या तोंडावर हसूच. धोंडू आलाय, आता कायतरी मजा होणार. मी बोललो ते फक्त, "कल्हई करायला आणलाय." झालं. सगळे फिस्सकन हसले. पाण्याच्या हंड्याला कल्हई! सासऱ्याला वाटलं, मी त्याचीबी थट्टा करतोय. त्यानं काठी उचलली.

तवा गोदा दारात आली. वाळली होती. माझ्याकडं बघत न्हवती. हंड्याकडं बघत होती.

मी घाबरून हंडा खाली ठेवायला गेलो. हात घामाचे. तो निसटला नि ओट्याच्या दगडावर आदळला.

ठण्ण.

तो आवाज तुमाला मी कसा सांगू. लांबत गेला. सगळे गप्प झाले. मला ते गप्प बसणं टोचलं नाय, कारण मी तिथं न्हवतोच. मी कान देऊन उभा होतो, आवाज संपायची वाट बघत. परत पळी पडंल म्हणून. गोदानं दाराची चौकट धरली होती, तीबी ऐकत होती. आमी दोघंच ऐकत होतो. बाकीच्यांना नुसतं भांडं आपटलेलं.

परत ठण्ण झालं नाय.

"चिमी," मी म्हणालो.

एवढंच. श्रावणानंतर पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. त्याच्या पुढं माझ्या घशातनं जे निघालं त्याला शबूद म्हणत नाय. बैलाला सुई टोचल्यावर निघतं तसं कायतरी. मी खाली बसलो, बाजाराच्या वाटंवर, सगळ्यांच्या पायात, हंड्याला मिठी मारून. कुणीतरी हसायला सुरवात केली नि मधीच थांबला.

किती वेळ गेला ठावं नाय. घड्याळ बाईंकडं होतं.

गोदा येऊन माझ्या बाजूला टेकली. हात लावला नाय. हंड्यावरनं बोट फिरवलं, जुना पोचा हुडकला, त्याच्या बाजूला आत्ताचा नवा. म्हणाली, "पोचे पडतील म्हणून वरडायची मी तिला." मंग पदरानं डोळं पुसून, "नि कल्हई कसली वो? येड लागलं का?"

मी तिला सांगितलं. शेवाळ, बाई, काटा, साल, सगळं, रडत रडत, उलटसुलट. तिला एक अक्षर कळलं नसंल. पण मी आयुष्यात पहिल्यांदा काय सांगताना ती हसते का ते बघत न्हवतो.

कल्हईवाल्यानं हंडा तापवला. नवसागराचा पांढरा धूर निघाला, डोळ्यात गेला, त्यामुळं आमी दोघं कशानं रडतोय ते कुणाला कळायची सोय राहिली नाय. कथलाची कांडी आतनं फिरवली, कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं, नि तांबडा हंडा आतनं चांदीचा झाला. कल्हईवाला म्हणाला, "चाळीस वरसं भाता मारतोय, पाण्याच्या हंड्याला पहिल्यांदाच." गोदा म्हणाली, "आमच्यात असतं."

आमच्यात, म्हणाली. वैशाखऱ्यापर्यंत मी तेवढा एकच शबूद चघळत आलो. ती पुढं, डोक्यावर हंडा. मी मागं, काखंत तिचं बोचकं. वाटंत कुणी हसलं तर मीच आधी हसायचो. जुनी खोड. गोदा मागं वळायची नाय, नुसतं म्हणायची, "हां."

बाईंना मी कल्हईच्या हंड्यातनं शेवाळ नेलं. काटा सर्रकन गेला. दिवाळीच्या आत खाचरं कोरडी झाली, हळवं भात कापलं, बाई पेट्या घेऊन गेल्या. मी ह्या खेपेला सगळ्या पेट्या उभ्या ठेवल्या. जाताना त्या गोदाला म्हणाल्या, "ह्यांना जपा." गोदा म्हणाली, "कुठं ठेवू? कशातबी ठेवलं तरी ह्यांना काय व्हत नाय." नि दोघी हसल्या. बाईंनी परत कदी पत्र धाडलं असंल तर ते वाचायला मला येत न्हवतं, नि आलं नाय हे सांगायला पोस्टमनला सवड न्हवती. वहीत ते इरलं अजून असंल का, हा इचार मात्र येतो.

मंग पोरं झाली, सुना आल्या, नाती आल्या. पाणी निवळायच्या दिवसांत गोदा बांधावर आली का इचारायची, "आलं का वो तुमचं?" मी म्हणायचो, आलं. मी ते उपटायचं सोडलं होतं. त्या कोपऱ्यात दोन पायल्या भात कमी व्हायचं, तिनं कदी बोल लावला नाय. चिमीचं नाव ती घ्यायची, मीपण घ्यायचो. थट्टा करायचो मी, लय करायचो, पण आधी घटकाभर थांबून. गोदा त्या थांबण्याकडं बघायची. मला दिसायचं ती बघतेय ते.

तिला जाऊन तीन पावसाळे झाले.

माणसं भेटायला आली तवा मी काय बोललो नाय. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. एक म्हातारा जाताना म्हणाला, "धोंडू, बोल रे कायतरी, असा बसू नको." मी बसून राहिलो.

आज दुपारी मी ते शेवाळ काढून आणलं. गोदाच्या हंड्यात निवळ पाणी भरलं. कल्हई आता आतनं डागाळलीय, पण टिकून हाय. ओटीवर मांडला. नात म्हणाली, "आजोबा, ह्याच्यात काय बघायचं?" दुर्बीण नाय, काटा नाय, मला धड डोळे नायत. पण मला ठावं हाय, आत रस्ता चालू हाय. एका कडेनं वर, एका कडेनं खाली.

नातीनं हंड्याला सहज टिचकी मारली. ठण्ण. मी म्हणालो, "थांब गो, परत मारू नको."

"का?"

"त्याला वेळ द्यायचा असतो."

बाईंच्या घड्याळात दहा मिनिटं लागायची. माझं कांडं जुनं हाय. मी बसलोय बघत, एखादा दाणा हलतोय का.